कंट्रोलची पट्टी

आधी माफी मागतो. लिहिण्याची मला सवय नाही आणि अधिकार तर नाहीच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. घरची बोली मालवणी, शाळेची मराठी पुस्तकातली, आणि विज्ञान शिकलो ते इंग्रजीत. त्यामुळे साधी गोष्ट सांगायला गेलो तरी मी अडखळतो. शिवाय ही गोष्ट पत्र्याच्या एका पट्टीची आहे, हाताच्या पंजाएवढ्या. तिच्याबद्दल इतकं काय लिहायचं, असं वाचणाऱ्याला वाटलं तर तो चुकतो असं मी म्हणणार नाही. पण त्या पट्टीपायी मी जवळजवळ सगळ्यांवर संशय घेतला आणि सगळ्यांनी माझ्यावर. ते कुठेतरी उतरवून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी बंगळूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागे आणि माझा प्रकल्प एका सरकारी प्रयोगशाळेत ठरला होता. विषय होता जहाजांच्या तळाला लावायचा रंग. ज्या शहराला समुद्र नाही तिथे जहाजाच्या रंगाचं काम चालतं हेच मला पहिल्यांदा संशयास्पद वाटलं. मी हेब्बाळच्या बाजूला खोली घेऊन राहत होतो. रोज सकाळी तिथल्या तळ्याच्या कडेने बसथांब्यापर्यंत चालत जायचो आणि वाटायचं, हे एवढंच पाणी, आणि ह्यांना म्हणे जहाजं वाचवायची आहेत.

त्या प्रयोगशाळेतल्या मॅडम माझ्या मार्गदर्शक. घराणं मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असे की पहिल्या आठवड्यात मला अर्धंच समजलं. "स्वल्प बस की," म्हणायच्या, म्हणजे जरा बस. काही पटलं की "सरी, सरी." मी मालवणचा, त्यातही मालवणच्या खालच्या अंगाच्या एका खाडीवरचा, आणि आमचं घर मासेमारीचं, हे कळल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुला मी नव्यानं काय सांगू? बोटीच्या तळाला काय होतं ते तू बघितलंयस."

बघितलं होतंच. समुद्रात काहीही ठेवलं की त्यावर आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग पांढऱ्या कवचाचे टोकदार बारीक जीव येऊन घट्ट बसतात. इंग्रजीत त्यांना बार्नॅकल म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. घरी आम्ही "होडयेक धरला" एवढंच म्हणायचो. धरलं की होडी जड होते, डिझेल जास्त खाते. मग ती किनाऱ्यावर ओढायची, तळ घासून काढायचा, लाल प्रायमर मारायचा, त्यावर रंग. घासायचा पत्रा बाबांच्या हातात मी चालायला लागलो तेव्हापासून पाहिला आहे.

मॅडमनी समजावलं की पूर्वीच्या रंगांत विष असे. कथिलाचं एक संयुग हळूहळू पाण्यात उतरे आणि चिकटायला आलेला जीव मरे. पण ते विष तिथेच थांबत नसे. आसपासच्या कालवांची कवचं वेडीवाकडी व्हायला लागली, तेव्हा परदेशात त्या रंगांवर बंदी यायला सुरुवात झाली. आता न मारता काम भागवायचं होतं. पृष्ठभाग इतका घट्ट आणि गुळगुळीत करायचा की पाणी आत शिरू नये आणि जीवाला पकड मिळू नये. त्यासाठी रंगात एक पांढरी पूड मिसळायची, पण ती नेहमीची नव्हे. तिचे कण नॅनो मापाचे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर, आणि आपले कण अशा काही दहा-वीस भागांएवढे.

हा नॅनो शब्द तेव्हा आमच्याकडे नवाच होता. जुने लोक अजून "अतिसूक्ष्म पूड" म्हणत. मॅडमनी गुळाचं उदाहरण दिलं. गुळाची ढेप पाण्यात टाक, बराच वेळ तशीच राहील. तोच गूळ किसून टाक, लगेच विरघळेल. गूळ तेवढाच, फक्त पाण्याला भिडणारं अंग वाढलं. कण बारीक होत गेला की त्याचं सगळं वागणं ह्या अंगावरूनच ठरायला लागतं, आतल्यापेक्षा बाहेरचंच जास्त. म्हणून चिमूटभर पूड सगळ्या रंगाला बांधून ठेवू शकते. पण त्याच कारणाने हे कण एकमेकांनाही चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि गोळा झाला की तो साध्या पुडीसारखाच. आमचं निम्मं काम हे गोळे फोडण्याचं होतं.

मी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता. मॅडमनी दोन बाटल्या दिल्या, एक नॅनो पुडीची, एक साध्या पुडीची. दोन्ही अगदी सारख्या, चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारख्या. कण दिसतात का म्हणून विचारलं, तर दुसऱ्या विभागातून काढून आणलेले फोटो दाखवले, करड्या पार्श्वभूमीवर काळपट डाग. हा डाग म्हणजे आपलीच पूड, हे कोणी ठरवलं? मला विचारायचं होतं, विचारलं नाही. आपण गरीब घरचे, आपल्याला कोणी काहीही पांढरं देऊन खपवेल, अशी एक भीती तेव्हा माझ्या मनात कायम असे. एके दिवशी कोणी नसताना मी दोन्ही पुडी दोन पेल्यांत पाण्यात कालवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी साधी पूड तळाशी बसली होती आणि वर पाणी निवळ झालं होतं. दुसरा पेला मात्र दुधासारखाच होता. तेव्हा कुठे मी मॅडमवर विश्वास ठेवला, आणि तोही त्या पेल्यापुरता.

प्रयोगशाळेत आणखी दोघे होते. एक अण्णा, उपकरणं सांभाळणारे, कन्नड, पन्नाशीचे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. माझं कन्नड म्हणजे बसच्या तिकिटापुरतं, त्यांचं हिंदी माझ्याहून वाईट, तरी आमचं बरं चाले. मी पहिल्यांदा त्यांना नॅनो म्हणून सांगितलं तेव्हा ते खदखदून हसले. कन्नडमध्ये "नानो, नीनो" म्हणजे "मी की तू". त्या दिवसापासून काही फुटलं, सांडलं, हरवलं की अण्णा दारात उभे राहून आधी स्वतःकडे आणि मग आमच्याकडे बोट दाखवायचे, "नानो? नीनो?"

दुसरा पुण्याचा मुलगा, माझ्याच वर्षाचा, शेजारच्या टेबलावर. गोळे फोडायची चक्की त्याच्या ताब्यात. म्हणजे पुडीचं काम त्याचं, रंग लावून तपासण्याचं माझं. तो फार मदत करायचा. माझं इंग्रजी दुरुस्त करून द्यायचा, दुपारी डबा पुढे सरकवायचा, "अरे टेन्शन काय घेतोस, मी आहे ना," म्हणायचा. इतकी मदत कोणी उगाच का करेल, हे मला कळत नसे. कारण वर्षाअखेर त्या प्रयोगशाळेत कनिष्ठ संशोधकाची एकच जागा भरायची होती आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार हे उघड होतं. ती मिळाली तर मला पुढे शिकता येणार होतं. नाही मिळाली तर काय, हे मी ठरवलेलंच नव्हतं. होडीवर परत जायचं नाही एवढं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

प्रयोगशाळेत रंगाच्या परीक्षा होत. मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, रंगावर रेघ ओढून गंज किती आत जातो ते बघायचं. पण जीव चिकटतो की नाही ते समुद्रच सांगू शकतो. आमच्या खाडीवर धक्का आहे, तिथे पट्ट्या टांगता येतील, बाबा लक्ष ठेवतील, असं मी सुचवलं. मॅडमना ते एकदम पटलं. पुण्याचा मात्र म्हणाला, "सगळं तुझ्या घरी? बघ हां, नंतर कोणी काही म्हणेल." मला तो टोमणा वाटला.

पट्ट्या तीन प्रकारच्या केल्या. सगळ्यांना तोच पत्रा, खाली तोच लाल प्रायमर. काहींवर नॅनो पुडीचा रंग, काहींवर साध्या पुडीचा, आणि एक नुसती, प्रायमरवर बिनरंगी वार्निशाचा पातळ हात, बाकी काही नाही. ही नुसती पट्टी म्हणजे कंट्रोल. तिच्याशी तुलना करायची. तिच्यावर ढीगभर जीव बसले आणि आपल्या रंगावर थोडे, तरच आपल्या रंगाने काही केलं असं म्हणता येतं. पट्ट्यांच्या कोपऱ्यात ठोकून खुणा उठवल्या, म्हणजे कोणी अदलाबदल करू नये. खुणा ठोकायचा आग्रह माझा होता.

दिवाळीनंतर मी पट्ट्या घेऊन घरी गेलो. पोचलो तेव्हा आई रॉकेलसाठी कंट्रोलवर रांगेत होती आणि बाबा जाळं सांधत होते. धक्क्याच्या खांबाला लाकडी चौकट बांधून पट्ट्या ओळीने टांगताना बाबा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी रंग नखाने खरवडून पाहिला, वास घेतला. मग विचारलं, "ह्या रंगात विष घातलेला आसा काय रे? तुझी आये थयच कालवां काढता."

विष नाही, उलट विष नको म्हणूनच हे, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. सरकार पोराच्या हातून आपल्याच खाडीत काहीतरी टाकून बघतंय अशी शंका त्यांना असावी. त्यांनी एकेका पट्टीवर बोट ठेवून विचारलं, ही कसली, ही कसली. मी सांगत गेलो. शेवटी लाल पट्टी आली.

"आणि ही?"

"ही कंट्रोलची," मी म्हटलं.

बाबा त्या पट्टीकडे बघत राहिले. माझी एस.टी. होती, मी घाईत होतो. कोणाला हात लावू देऊ नका, एवढं दोनदा बजावलं. "हात कोण लावतलो," बाबा म्हणाले, "मी आसय मा."

पुढचे महिने मी बंगळुरात आणि पट्ट्या खाडीत. गावात फोन एकाच दुकानात. तिथे निरोप ठेवायचा, थोड्या वेळाने परत लावायचा, तोवर माझी बहीण पळत आलेली असे. बाबा फोनवर येत नसत. त्या यंत्रात बोललं की आपलं बोलणं कुठे जातं ते कळत नाही, म्हणायचे. बहीण सांगायची की बाबा रोज धक्क्यावर जातात, पोरं पोहायला आली की हाकलतात, एका पोराला तर त्या चौकटीपायी थोबाडीत मारणार होते. मला बरं वाटायचं. ह्या सगळ्यात एक माणूस तरी असा आहे की ज्याच्याकडे मला वळून बघावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांनी पट्ट्या काढून, प्रत्येक वेगळ्या कापडात गुंडाळून, खोक्यात घालून पाठवल्या. गावातला एकजण बेळगावला जाणार होता, त्याने तिथून बसच्या पार्सलमध्ये टाकल्या. खोकं यायचं होतं त्याच दिवशी नेमकं मॅडमनी मला चिकपेटला पाठवलं, पॉलिशपेपर आणि ब्रश आणायला. तिथल्या हार्डवेअरच्या गल्लीत एका दुकानात ब्रश चांगले तर दुसऱ्यात कागद. गर्दीतून वाट काढत परतायला दुपार टळली. प्रयोगशाळेत आलो तर खोकं उघडलेलं होतं. पुण्याच्याने बसस्टँडवरून ते आणलं होतं, अण्णांनी पट्ट्या गोड्या पाण्याने धुतल्या होत्या, आणि सगळे टेबलाभोवती उभे होते.

साध्या पुडीच्या पट्ट्यांवर जीव बऱ्यापैकी धरले होते. नॅनो पुडीच्या पट्ट्यांवर कमी, कडेकडेला. इथवर आम्हाला हवं तसंच. पण कंट्रोलची पट्टी स्वच्छ होती. तिच्यावर एकही जीव नव्हता. ज्या पट्टीला आम्ही काहीच केलं नव्हतं ती सगळ्यांत चांगली निघाली होती.

"खूण बघा," मी म्हटलं. खूण आमचीच होती.

मॅडमनी भिंग घेऊन पट्टी खिडकीशी नेली. बराच वेळ बघितलं आणि मला बोलावलं. भिंगातून वार्निशावर पांढुरक्या बारीक गोल कड्या दिसत होत्या, काही पूर्ण, काही तुटक. त्यांच्यावरून एकाच दिशेने ओरखडे गेले होते.

"ह्या जिवाचा तळ चिकटून राहतो," त्या म्हणाल्या. "इथं घरं होती. कुणीतरी पाडलीत."

म्हणजे समुद्राचा दोष नव्हता, रंगाचाही नव्हता. माणसाने केलं होतं. अण्णांनी सवयीने बोट वर केलं, "नानो? नीनो?" आणि कोणी हसलं नाही तेव्हा बोट खाली घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला नकोसे आठवतात. मी पहिल्यांदा अण्णांना विचारलं, धुताना काही घासलंत का. त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. फक्त नळाखाली धरली, म्हणाले. पुण्याच्याला मी विचारलं नाही. त्याच्या टेबलावर चक्की साफ करायचा चपटा पत्रा होता, तो मी तो नसताना उचलून पट्टीवरच्या ओरखड्यांशी लावून बघितला. जुळतो असंही वाटलं, नाही असंही. मी येईपर्यंत खोकं उघडायला तो का थांबला नाही? माझी सगळी परीक्षा एका पट्टीवर उभी आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी डब्याला जाणं बंद केलं. त्याने एकदा विचारलं, मी म्हटलं भूक नाही. पुन्हा त्याने विचारलं नाही.

आणि तोही माझ्याकडे तसाच बघत होता. एक दिवस जिन्यात थांबवून म्हणाला, "मी कोणाला काही बोललेलो नाही. पण खरं सांग, ती पट्टी पाण्यात व्यवस्थित होती ना? तुझ्या घरी कोणी…" मी त्याला बोलू दिलं नाही. माझ्या घरचं नाव काढू नकोस, एवढं म्हटलं. आवाज चढला असावा, कारण वर मॅडमचं दार उघडलं आणि परत लागलं.

संध्याकाळी मी फोन लावला. बहीण आली. बाबांना नीट विचार, पट्टीला कोणी हात लावला का. ती दुकानातून किनाऱ्यावर गेली, मी परत लावला. ती धापा टाकत म्हणाली, "बाबा म्हणतत, परक्यान कोणी हात लावूक नाय." मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं, छाती पुढे काढून.

मॅडमनी कोणावर आरोप केला नाही. तसं केलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "कुणी केलं ते मला नको. पण कंट्रोल नाही तर बाकीच्या पट्ट्या कशाशी ताडून बघू? नॅनोवर कमी धरलं ते रंगामुळं, की तिथं पाणीच तसं होतं? हे मला सांगता येत नाही, तुलाही नाही. समुद्राचं प्रकरण काढून टाक." परत टांगायला वेळ उरला नव्हता. मी "सरी" म्हटलं. कन्नड मला अशाच वेळी आठवायचं.

प्रकल्प पास झाला, मिठाच्या फवाऱ्यावर आणि गंजाच्या रेघेवर. परीक्षकांनी विचारलं, जहाजाचा रंग आणि समुद्र कुठे आहे? मॅडम माझ्या वतीने काहीतरी बोलल्या. जागा पुण्याच्याला मिळाली. त्याचं काम पुडीचं होतं आणि पुडीबद्दल कोणाला शंका नव्हती. निरोपाच्या दिवशी त्याने हात पुढे केला, मी मिळवला, पण दोघांचेही हात ढिले होते. अण्णा मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्या दिवशी ते नानो-नीनो म्हणाले नाहीत.

मला बंगळुरातच, महादेवपुऱ्याकडे, एका रंगाच्या कारखान्यात तपासनिसाचं काम मिळालं. घरांच्या भिंतींचे रंग. डबा उघडायचा, घट्टपणा बघायचा, शिक्का मारायचा. संशोधन वगैरे काही नाही. काम वाईट नव्हतं, पण डब्याचं झाकण उघडताना रोज मला ती पट्टी दिसे. अधूनमधून मी मनात पुण्याच्याशी भांडायचो आणि प्रत्येक वेळी जिंकायचो.

नोकरी लागल्याचं सांगायला घरी फोन केला तेव्हा बहीण लग्न होऊन सासरी गेलेली होती. दुकानदाराने निरोप दिला आणि मी परत लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मी हॅलो हॅलो म्हणत राहिलो. मग बाबांचा आवाज आला, फार मोठ्याने, समोरच्या होडीवरच्या माणसाला हाक मारतात तसा.

"झिला, मी बोलतंय."

मी नोकरीचं सांगितलं. ते बरं म्हणाले. काम कसलं, जेवण मिळतं का, हे विचारलं. मग रिसीव्हर कशावर तरी घासल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठेवायचा कसा ते कळत नसेल. तेवढ्यात ते म्हणाले, "त्या पट्ट्यांचा काय झाला? तुझ्या बाईनी काय म्हटल्यानी?"

पट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही, असं मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक झालं.

"मा? माका वाटलाच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा खाली आला. "सगळ्या पट्ट्यांका रंग, आणि एक तेवढी नुसत्या प्रायमराची. मी इचारलंय तर तू म्हटलंस, ही कंट्रोलची. माका तेव्हाच वाईट वाटला. बाकीच्यांका चांगल्यातला दिल्यानी आणि आमच्या पोराक कंट्रोलचा माल."

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणत. कंट्रोलचा तांदूळ म्हणजे खड्यांचा, कंट्रोलचं कापड म्हणजे एका धुण्यात विटणारं. जे दुसऱ्या कोणाला नको ते कंट्रोलचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तेच खाऊन वाढलो होतो. पण बंगळुरात मी त्या शब्दाचा दुसरा अर्थ शिकलो होतो आणि धक्क्यावर उभा राहून तो बाबांना तसाच दिला होता.

"तिका सगळ्यांत जास्त धरूक लागला," बाबा सांगत होते. "बाकीचे बरे होते. म्हटलंय, ही अशी गेली तर लोक म्हणतले ह्या पोराचा काम खराब. माका ऱ्हवाक नाय. होडयेचो पत्रो घेतलंय आणि ओहोटीक उतरान तेवढी एक घासून ठेवी. दर खेपेक. कोणाक सांगूक नाय, तुझ्या आयेक पण नाय."

मी बूथच्या काचेला टेकून उभा होतो. बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाण्याने टकटक करत होता.

"चकचकीत होती मा रे ती?" बाबांनी विचारलं.

"होती, बाबा," मी म्हटलं. "सगळ्यांत चकचकीत तीच होती."